फाटकाआधीची पाटी

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं टेलरमास्तर म्हणतात आणि गल्लीतली पोरं पाठीमागे 'कात्री' म्हणतात. पोरांचं बरोबर आहे. बोलतात ते कापल्यासारखंच बोलतात. मी आपली 'अहो' म्हणत आले. इतकी वर्षं म्हणत आले, की दवाखान्यात कुणी ह्यांचं नाव विचारलं तर मला क्षणभर आठवावं लागतं.

आमचं घर म्हणजे एकापुढे एक तीन खोल्या. पुढची दुकानाची, मधली चुलीची, मागची झोपायची. मागच्या दाराबाहेर कपडे वाळत घालायची दोरी, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे रूळ. थोडं पुढे गेलं की फाटक. दिवसभर गाड्या जातात. पाहुणे आले की विचारतात, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला गाड्या ऐकूच येत नाहीत. स्वतःच्या घोरण्यानं कुणी कधी जागं झालंय का?

त्यातली एकच गाडी आम्हाला ऐकू यायची. दुपारची पॅसेंजर, तीही एक दिवसाआड, कारण एक दिवसाआड ती आमचा थोरला चालवायचा.

थोरला कटिंगच्या टेबलाखाली वाढला. तिथेच झोपायचा, तिथेच अभ्यास करायचा, वरून चिंध्या अंगावर पडायच्या. ह्यांनी त्याला बोलता यायच्या आधीपासून नियम शिकवले. कात्रीनं कागद कापायचा नाही. दोरा दातानं तोडायचा नाही. अस्तर उन्हात घालायचं नाही, रंग उडतो. चुकला की टेपची पितळी पट्टी बोटांवर बसायची. पोराचा हात मात्र चांगला होता. शर्टाची कॉलर अशी बसवायचा, की ह्यांनाही खोड काढता यायची नाही, मग ते खडू कुठे ठेवलास म्हणून ओरडायचे. दुकानाच्या पाटीवर ह्यांनी 'आणि चिरंजीव' असं रंगवून घेतलं तेव्हा त्या चिरंजीवाला मिशीही फुटली नव्हती.

आणि मग चिरंजीवानं गुपचूप परीक्षा दिली आणि गाडीवर ड्रायव्हर व्हायला निघाला.

त्या दिवशी दोघं जे बोलले ते मला पाठ आहे. हे म्हणाले, "रुळावरून गाडी न्यायला काय अक्कल लागते रे? वळवायची नाही, काही नाही. रूळ नेतील तिकडे जायचं. घाण्याचा बैलसुद्धा जातो."

पोरगा काही कमी नव्हता. कात्रीचंच पातं. म्हणाला, "आणि इथे काय करतो आपण? तुमच्या वडिलांनी मारली तीच टीप तुम्ही मारताय. तीच मी मारायची."

ह्यांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. "उंबरा ओलांडलास तो ओलांडलास," म्हणाले. "परत यायचं नाही. तुझ्या गाडीचा भोंगासुद्धा माझ्या कानावर पडता कामा नये."

आणि दैवाची गंमत बघा, काही वर्षं कुठे कुठे हिंडवून त्याला नेमकी ड्यूटी मिळाली ती आमच्या मागच्या दाराच्या लाइनवर. पहिल्याच दिवशी घराच्या अलीकडे त्यानं भोंगा वाजवला. लांबलचक. हे मशीनवरून उठले आणि मागची खिडकी धाडकन लावून घेतली. "आला डिवचायला," म्हणाले. तेव्हापासून एक दिवसाआड हाच कार्यक्रम. घड्याळाकडे न बघता ह्यांना कळायचं आणि गाडी यायच्या आधीच खिडकी लागायची. मुलाचं तोंड बघायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला मुलाच्या गाडीची वेळ बरी पाठ!

माझं वेगळं होतं. मी त्या दिवशी भांडी लवकर आटपायची. तोंड धुवायचं, केस नीट करायचे, थोडी पावडरसुद्धा लावायची, हसायचं तर हसा, आणि मागच्या दारात जाऊन उभं राहायचं. भोंगा वाजला की मला वाटायचं, 'आई, मी चाललो गं' म्हणतोय. मी हात हलवायची. गाडी निघून जायची आणि मला पुढचे दोन दिवस पुरेल एवढं बळ यायचं. एकच भोंगा, पण ह्यांच्या कानात काटा आणि माझ्या कानात साखर.

थोरला मला आमच्या धाकट्या लेकीच्या घरी भेटायचा, फोन करायचा. झोप पुरत नाही म्हणायचा, जेवणाच्या वेळा सांभाळत नाहीत म्हणायचा. पण भोंग्याचं मी त्याला कधी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात. विचारलं आणि त्यानं 'कसला भोंगा?' म्हटलं तर?

तर असं चाललं होतं. मग ह्यांची कंबर गेली.

पायमशीनवर जन्म घालवलेला माणूस, कंबर कधीतरी जाणारच होती. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, मशीनवर बसायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. किती दिवस, ते विचारल्यावर डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे बघायला लागले. हाती घेतलेलं काम पडून होतं. शेजारच्या गल्लीतला कारागीर मशीनकाम करून द्यायला तयार झाला, पण काज, बटण, हातशिलाई, इस्त्री सगळं माझ्या गळ्यात आलं. आणि हे खुर्चीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. "टाका लांब पडला." "बटण घट्ट झालं." "इस्त्री गार आहे." सकाळी स्वयंपाक, मग बटणं, मग स्वयंपाक, मग बटणं. सुई ओवताना डोळ्यांपुढे दोन भोकं दिसायची. दमले असं म्हणायलासुद्धा दम लागतो, म्हणून मी म्हणत नव्हते.

दमले तेही होते. मला ते दिसत होतं. काम करून दमतो त्याला निदान झोप लागते. बसून दमलेल्या माणसाला तीही नाही. दिवसभर खुर्चीत बसून त्या बंद मशीनकडे बघायचे. एकदा मी बघितलं, तर खुर्चीतच त्यांचा उजवा पाय आपोआप खालीवर होत होता. मी बघतेय हे कळल्यावर थांबवला.

धाकटी एका ऑफिसात नोकरी करते. तिथला जुना लॅपटॉप तिला मिळाला होता, तो ती एका रविवारी घेऊन आली आणि कटिंगच्या टेबलावर ठेवला. "बाबा, वेळ जाईल तुमचा," म्हणाली. पत्ते दाखवले. हे म्हणाले, पत्ते आळशी लोक खेळतात. गाणी लावली. हे म्हणाले, आवाज कमी कर. मग ती म्हणाली, "ह्यात एक गाडी चालवायचा गेम पण आहे. रेल्वेची."

मी हातातलं बटण खाली ठेवलं. मग पोळ्या करायला उठले.

धाकटी माझ्यामागून चुलीपाशी आली आणि पुढच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "आई, दादाची बदली झालीय. पुढच्या महिन्यापासून तो खूप लांबच्या लाइनवर जाणार. तिकडेच राहायचं. मग सुट्टी मिळेल तेव्हाच."

ह्या लाइनवरच्या त्याच्या मोजक्याच फेऱ्या उरल्या होत्या. एकदा तो लांब गेला, की बापलेकांमध्ये जे काही होतं, निदान एक बंद खिडकी तरी होती, तेही राहणार नव्हतं. आणि आमची वयं काही मागे जात नव्हती. मला रडायला वेळ नव्हता. पोळी तव्यावर होती.

पुढच्या खोलीतून आवाज आला, "ते रेल्वेचं लाव. बघू तरी, काय एवढी अक्कल लागते ती."

आता सुरुवात कशी झाली ते सांगते. ह्यांनी माउस हातात घेतला आणि इस्त्रीसारखा दाबून टेबलावर फिरवायला लागले. बाण पडद्याच्या बाहेर. धाकटीनं हात धरून शिकवलं, तरी बाण काही सापडेना. शेवटी ती म्हणाली, माउस राहू दे, सगळं बटणांवर होतं. पण बटणांवरची अक्षरं ह्यांना दिसेनात. तेव्हा तिनं जमिनीवरच्या चिंध्या उचलल्या, कात्रीनं इवलेइवले तुकडे केले आणि डिंकानं बटणांवर चिकटवले. गाडी पळवायचं त्याला हिरवा. ब्रेकला लाल. पुढे-मागे जायच्या दांड्याला पिवळा. आणि एका बटणावर पांढरा.

"हे पांढरं कसलं?"

"भोंगा."

ह्यांनी नखानं तो पांढरा तुकडा खरवडून काढला आणि खाली टाकला. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हटलं जाऊ दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पहिल्या दिवशी गाडी जागची हललीच नाही. हे हिरवं दाबतायत, आणखी दाबतायत, इंजिन गुरगुरतंय आणि गाडी तिथल्या तिथे. "बिघडलेलं यंत्र दिलंय तुला ऑफिसनं," म्हणाले. धाकटी म्हणाली, आधी पिवळं, दांडा पुढे. मग लाल, ब्रेक सोडा. ब्रेक लगेच सुटत नाही, बाबा. आत हवा भरते, मग सगळ्या डब्यांचे ब्रेक एकेक करून सुटतात. तोवर थांबायचं.

"थांबायचं?"

"थांबायचं."

थांबणं आमच्या घरात कुणाला जमलंय! पण दुसरं करायला काही नव्हतं म्हणून हे थांबले. बऱ्याच वेळानं पडद्यावरचे खांब हळूहळू मागे सरकायला लागले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पाठ खुर्चीला टेकलेली होती ती सरळ झाली. मी हातशिलाई करता करता सगळं बघत होते.

गाडी सुरू झाली आणि मग थांबेना. स्टेशन आलं, ह्यांनी ब्रेक दाबला, स्टेशन गेलं. पूर्ण प्लॅटफॉर्म मागे टाकून गाडी शेतात जाऊन उभी राहिली. हे पडद्याकडे बघत बसले. "मशीनवरून पाय काढला की सुई थांबते," म्हणाले. "हिच्यावरून सगळं काढलं तरी ही चाललीच आहे."

"मागे केवढं वजन आहे, बाबा," धाकटी म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

त्यानंतर रोज सकाळी पट्टा बांधून झाला की हे टेबलाशी. माझं बटणकाम एका बाजूला, त्यांची गाडी दुसऱ्या बाजूला. टोमणे थांबले, तेवढाच मला आराम. स्टेशन सुटत होतं, कधी फार आधी गाडी उभी राहत होती, कधी फार पुढे. हळूहळू प्लॅटफॉर्मवर यायला लागली. अर्धा तास झाला की ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चष्मा काढून पुसायचे. एकदा म्हणाले, "नजर हलवायची सोय नाही गं. सिग्नल बघ, वेग बघ, पुढचं वळण बघ. दमलो नुसता बसून." मी म्हटलं, हो का. एवढंच म्हटलं. मनात बरंच काही आलं होतं, पण सुईत दोरा होता.

आणखी एकदा, गाडी चालू असताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "तो बरोबर थांबवत असेल का? डबे प्लॅटफॉर्मला लागतात त्याचे?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी कधी बसलेय त्याच्या गाडीत? तुम्ही बसू दिलंय?"

त्या दिवशी दुपारी खिडकी लागलीच. पण धाडकन नाही, नुसती लोटली.

आणि मग ह्यांची गाडी अडली. म्हणजे पडद्यावर नाही, धड्यात. त्या गेममध्ये शिकायचे धडे असतात, एक पास झाला की पुढचा उघडतो. दुसरा धडा काही केल्या पास होईना. गाडी वेळेवर निघायची, ठरल्या वेगानं जायची, प्लॅटफॉर्मला डबा न् डबा लागायचा, आणि शेवटी पडद्यावर लाल अक्षरं. नापास. पुन्हा करा. हे पुन्हा करायचे. नापास. इंग्रजीत खाली काहीतरी लिहून यायचं, ते आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांचा पारा चढत गेला आणि टोमणे परत माझ्याकडे वळले. "इस्त्री गार आहे." मी म्हटलं, इस्त्री नाही, मी गार झालेय.

रविवारी संध्याकाळी धाकटी आली. शेजारी बसून तिनं एक फेरी बघितली आणि मध्येच म्हणाली, "बाबा, भोंगा."

"काय भोंगा?"

"ती पाटी गेली बघा आत्ता बाजूला. फाटकाच्या आधी असते. ती दिसली की भोंगा वाजवायचा. तुम्ही वाजवतच नाही, म्हणून नापास होताय."

"मला नाही वाजवायचा."

"तुमच्या मर्जीवर नाहीये ते. नियम आहे. प्रत्येक फाटकाच्या आधी, प्रत्येक ड्रायव्हरनं."

हे हळूच म्हणाले, "प्रत्येक?"

"हो. फाटकात कुणी असलं तर त्याला कळायला नको? इथे नुसता नापास होतो माणूस. खऱ्या गाडीवर कुणाचा तरी जीव जाईल. दादानं नाही वाजवला तर त्याची नोकरी जाईल."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कुणाविषयी बोललो ते. पण ह्यांनी काही कापलं नाही. खुर्चीचे हात धरून उठले, पट्टा सावरला आणि भिंतीला धरत धरत मागच्या दाराकडे गेले. मी मागोमाग.

कुंपणापलीकडे, आमच्या दारापासून जरा अलीकडच्या अंगाला, एक पाटी उभी होती. खांबावर पिवळा पत्रा, त्यावर एक काळं अक्षर. ती काही आज उगवली नव्हती. आम्ही ह्या घरात आलो तेव्हापासून होती. शेजाऱ्यांची शेळी तिला अंग घासते. मी रोज कपडे वाळत घालताना तिच्याकडे बघते. असेल रेल्वेची काहीतरी भानगड, असं वाटायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हे म्हणाले, "जरा थांबू इथे."

मी आतून त्यांच्यासाठी खुर्ची आणली, माझ्यासाठी बटणांचा डबा. दारात बसलो. पहिली आली ती मालगाडी. पाटीपाशी भोंगा. लांबलचक. मग उलट्या दिशेनं एक गेली, ती फाटकाच्या पलीकडे वाजवून आली. मग एक एक्स्प्रेस. भोंगा. मग नुसतंच एक इंजिन आलं, मागे डबे नाहीत की काही नाही, त्यानंही भोंगा. आमच्या दारापुढून सगळे ओरडत जात होते. आयुष्यभर जात होते. आम्ही एकच ऐकला आणि दोघांनी त्याचे दोन अर्थ लावले.

मग हे म्हणाले, "म्हणजे तो मला डिवचत नव्हता."

मी म्हटलं, "आणि मला हाकही मारत नव्हता."

ते माझ्याकडे वळले. मी दारात कशाला जाते, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं की काय कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. ह्यांचा राग गेला, ते बरंच झालं. पण माझं एवढंसं सुख होतं, एक दिवसाआडचं, तेही त्याच पाटीनं नेलं. मी बटणांचा डबा उचलला आणि आत गेले. रात्रीचा भात करायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ह्यांनी जमिनीवरून एक पांढरी चिंधी शोधली होती आणि डिंक मागत होते. त्या दिवशी धडा पास झाला. ह्यांना आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. मला म्हणाले, "इकडे ये. बस."

मी म्हटलं, दूध उतू जाईल. "जाऊ दे," म्हणाले. दूध उतू गेलेलं चालेल असं ह्या माणसाच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं, म्हणून बसले.

गाडी चालू होती. "पुढच्या फाटकापाशी एक माणूस उभा असतो," म्हणाले. "बघ." मी डोळे ताणून बघितलं. पाटी आली, ह्यांनी भोंगा वाजवला, काहीतरी उभं सर्रकन बाजूनं गेलं.

"बाई होती की बाप्या?" ह्यांनी विचारलं.

"दिसलंच नाही हो. खांबासारखं काहीतरी गेलं."

"तेच," म्हणाले. "तू त्याला खांबासारखी दिसत असशील. चेहरा नाही कळत. मुद्दाम बघितलं तरी नाही कळत आणि मुद्दाम त्यानं बघायचं नसतं."

माझ्या पावडरीचा विचार आला आणि मला हसू आलं. हसता हसता डोळे भरले. इतक्या दुपारी, इतकी भांडी घाईघाईनं घासली मी, एक खांब म्हणून उभं राहायला.

ह्यांनी गाडी उभी केली, मध्येच, कुठलंही स्टेशन नसताना. "उद्या त्याची फेरी आहे," म्हणाले.

"फोन करा ना मग. नंबर देते."

"फोनवर काय बोलू?" आवाज अगदी खाली गेला होता. "इतक्या वर्षांनी काय म्हणतात माणसाला? मला येतं का तसलं?"

येत नाही, ते मलाही माहीत होतं. ह्यांनी मला कधी 'कशी आहेस' विचारलेलं नाही. ताप आला तेव्हा माझ्या उशीला नवीन अभ्रा शिवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले, "दोरीवर मोठं कापड लावलं तर लांबून दिसेल. माणूस नाही दिसत, पण रंग दिसतो."

मी उठले आणि गाठोड्यातून चांगलं लालभडक कापड काढलं, दोन जणांना पुरेल एवढं.

"अगं, वेडी आहेस का?" हे खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "रुळाशेजारी लाल लावतेस? गाडी थांबवेल तो! पुढे त्याची चौकशी लागेल."

मी हिरवं काढलं. "हिरवं नको. हिरवं म्हणजे जा. त्याला पुन्हा जाच म्हणू का?"

पिवळं काढलं. "पिवळं म्हणजे हळू. नको."

"मग काय पांढरी चादर लावू? पांढरं तर सगळ्यांच्याच दोरीवर असतं," मी वैतागून म्हटलं. सगळं आयुष्य कापडात काढलेला माणूस, आणि घरात धड एक रंग मिळेना!

ह्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बँडवाल्यांच्या कोटांचं काम पडून होतं आणि त्याच्या अस्तराचा तागा भिंतीला उभा होता. जांभळं सॅटिन. नवं कोरं, दिवा लावल्यासारखं चमकणारं. "ते घे," म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असताना त्यांनी तागा एका बाजूनं धरला. दोघांनी मिळून तो मागच्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चिमटे लावले. ऊन रणरणत होतं. सगळं अंगण जांभळं झालं. शेजारची शेळी बघत राहिली.

खिडकी त्या दिवशी लागली नाही. हे दारात उभे राहिले, चौकटीला धरून. मी मागे. तोंड धुतलं होतं, पावडर लावली नव्हती.

गाडी आली. पाटीपाशी भोंगा वाजला, नियमाचा, जसा सगळ्यांचा वाजतो तसाच. ना लांब, ना आखूड. इंजिन पुढून गेलं, काचेवर ऊन होतं, आत कोण आहे काही कळलं नाही. मग डबे, डबे, डबे. मग रिकामे रूळ.

"बघितलं असेल का हो?"

"नसेल," हे म्हणाले. "आणि बघायलाही नको. त्यानं समोर बघावं. इकडेतिकडे बघत गाडी चालवली तर कान उपटीन." आणि आत जाऊन खुर्चीत बसले. लॅपटॉप उघडला नाही. मीही बटणं घेऊन बसले. संपलं, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांचं काही एका ताग्यानं थोडंच भरून निघतं? कापड आत आणायचं होतं, पण अजून बटणं उरली होती.

दिवेलागणीला दुकानाचा फोन वाजला. तो नंबर गिऱ्हाइकांचा. हे आता कमी ऐकतात म्हणून तो नेहमी मोठ्या आवाजावर असतो. मी तेवढ्यात कापड आणायला उठले होते. ह्यांनी फोन उचलला. "हां, टेलर."

पलीकडून माणसांचा गलका ऐकू येत होता, कुठेतरी गाडीची घोषणा चालू होती. मग थकलेला, झोप न झालेला आवाज आला.

"बाबा, अस्तर उन्हात घातलंत. रंग उडेल."

ह्यांनी टेबलावरची टेप हातात घेतली, बोटाला गुंडाळली, सोडली. मला वाटलं, आता फोन ठेवतात की काय.

"उडू दे," हे म्हणाले. "मी नाही काढणार. तू येऊन काढ."

मी उठले होते, ती परत खाली बसले.